‘गरिबांच्या नावाने धंदा’ या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री भाच्याने मोबाइलवर दाखवला. एक स्टार, दुकानाच्या बोर्डाचा फोटो आणि खाली चार तक्रारी. बोर्डावर १९९ लिहून ८४० घेतले, चष्म्याला नऊ दिवस लावले, मालक उर्मट आहे, आणि तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींना नव्या चष्म्याने गरगरतं. शेवटी तुम्ही लिहिलंय, संस्था फुकट चष्मे वाटतात आणि हे गरिबांच्या नावाने धंदा करतात, लुटतात, निदान दरपत्रक तरी मोठ्या अक्षरात लावा. तुम्हाला आणि मावशींना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायकांची दुकानात एकच गर्दी होते, तेव्हा बोलणं तुटक होतं. ते मनावर घेऊ नका.

पण ८४० रुपयांचं मला लिहायलाच हवं. कारण परवापासून गिऱ्हाइकं पायरीवरूनच विचारतायत, ‘तुमच्याकडे १९९ चा नसतोच म्हणे?’ पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीच्या पायथ्याशी दुकान आहे, इथे बातमी रिक्षाच्या आधी वर पोचते.

१९९ चा चष्मा असतो आणि तो आम्ही रोज विकतो. तो जवळचा चष्मा. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसायला त्रास होतो, हा काही आजार नव्हे, सगळ्यांनाच होतो. ज्याला लांबचं स्वच्छ दिसतं, दोन्ही डोळे सारखे आहेत आणि सिलिंडर नंबर, म्हणजे एका दिशेला वेगळा नंबर, नाही, त्याला एक ते तीन नंबरमधला तयार चष्मा पुरतो. सुईत दोरा ओवणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या, रेशनच्या पावतीवरचा आकडा बघणाऱ्या माणसाला त्याहून महागडं काही विकणं मी पाप समजतो. तपासून घेतात, घालून बघतात आणि दहा मिनिटांत घरी जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांचा ५ झाला, तेव्हा आम्ही २२५ चा दर १९९ केला. कराच्या फरकापेक्षा जास्तच उतरवला. त्याचा फोटो मात्र कुणी टाकला नाही.

बोर्डावर त्याच्याखाली दुसरी ओळ आहे, ‘दुहेरी व सिलिंडर नंबरचा दर तपासणीनंतर’. दुहेरी म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर. तुमच्या फोटोत ती दिसत नाही, कारण तिच्यावर सध्या एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वाढदिवस होऊन गेला, फ्लेक्स आहे. तो काढायची माझी टाप नाही, तुम्ही पुण्यातल्याच आहात, समजून घ्याल.

आता मावशींचं. त्यांचा नंबर मी इथे जगजाहीर करणार नाही, पण एवढं सांगतो की त्यांना लांबचाही आहे, जवळचाही आहे, दोन डोळ्यांत फरक आहे आणि दोन्हींना सिलिंडर आहे. म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नाही, एका दिशेला नंबर वेगळा. अशी काच साधी, एकेरी असेल तर सोपं असतं. गोल काच दुकानात तयार असते, ती हव्या त्या कोनात फिरवायची, खूण करायची आणि फ्रेमच्या मापाने घासायची. दुहेरी काचेत खाली वाचायचा तुकडा आधीच बसलेला असतो. ती काच फिरवली की तो तुकडा नाकाकडे नाहीतर कानाकडे सरकतो. म्हणून डाव्या डोळ्याची वेगळी, उजव्याची वेगळी, अशी काच नंबर देऊन बनवून घ्यावी लागते. तो नंबर दुसऱ्या कुणाचा नसतो. मावशी न्यायला आल्या नाहीत तर ती काच माझ्या खणात पडून राहणार.

हिशेब मांडतो, लपवण्यासारखं काही नाही. काचेची जोडी ३९०. फ्रेम १८०. कारागिराची घासणी आणि फिटिंग ६०. आणण्या-पोचवण्याचे ३०. डबी आणि पुसायचं फडकं २५. झाले ६८५. उरले १५५, त्यात दुकानाचं भाडं, वीज, पोराचा पगार आणि आमचं घर. तपासणीचे पैसे घेतले नाहीत, कधीच घेत नाही. काच फ्रेमच्या दुपटीहून महाग, म्हणजे नाकापेक्षा मोती जड हे मलाही कळतं. पण मोती मी बनवत नाही.

फ्रेमचं निघालंच आहे म्हणून सांगतो. मावशींचा हात तपकिरी प्लॅस्टिकच्या फ्रेमवर होता. ती साठ रुपयांनी स्वस्त होती आणि पुरेशी उभट होती, दुहेरी काचेला तेवढी उंची लागते. ‘ही नको, धातूची जरा बरी दिसेल’ असं तुम्ही म्हणालात. तुमचा हेतू चांगलाच होता. पण बिल ७८० झालं असतं. आणि त्या दिवशी पैसे कुणाच्या पिशवीतून निघाले हे आपल्या तिघांना माहीत आहे, त्यावर मी इथे बोलत नाही.

उर्मटपणाचं वाचून मात्र जिव्हारी लागलं. माझ्या टेबलावर एक ताटली असते, त्यात तांदूळ आणि मुद्दाम टाकलेले खडे. शेजारी सुई-दोरा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे छापील ओळी धरून उपयोग काय? लांबच्यासाठी भिंतीवर इंग्रजी ई उलटसुलट फिरवलेला तक्ता आहे, त्याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. मावशी तपासणीची जड फ्रेम नाकावर सावरत खडे वेचत होत्या. पहिल्या काचेने दोन राहिले. दुसऱ्या काचेने सगळे निघाले, वर त्यांनी तांदळाची एक काळपट कणीही खडा म्हणून बाहेर काढली आणि स्वतःच हसल्या. मग मी विचारलं, आधीची काच बरी की ही? त्या विचार करत होत्या तोवर तुम्ही फोन कानाला लावून म्हणालात, ‘दिसतंय हो तिला, लिहून टाका.’ तेव्हा मी म्हणालो, ‘ताई, डोळे त्यांचे आहेत, त्यांना बोलू द्या.’ एवढंच. आवाज चढला असेल, दुकानासमोरून पीएमपीची बस जाते. पण त्यांच्या वतीने तुम्ही दिलेल्या उत्तरावर नंबर काढला असता, तर आज एक स्टारही मला जास्त झाला असता.

उशिराबद्दल. मी पाच-सहा दिवस सांगितले होते, नऊ लागले. मधल्या दिवसांत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि आमचा काचेचा कारागीरही त्याच भागात बसतो. रस्ते बंद, गाडी येईना. तुम्हाला फोन करायला पोराला सांगितलं होतं, त्याने मावशींच्या नंबरवर केला. त्यांनी ‘बरं’ म्हटलं. तो निरोप तुमच्यापर्यंत आला नाही, ते आता माझ्या हातात नाही.

गरगरण्याचं थोडक्यात सांगतो, पण कृपा करून मावशींना वाचून दाखवा. पहिल्यांदा दुहेरी चष्मा लावला की जमीन वर आल्यासारखी वाटते, कारण पायाकडे बघताना नजर खालच्या, जवळच्या काचेतून जाते. मावशी राहतात तिथे वाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. उतरताना हनुवटी छातीकडे घ्यायची आणि वरच्या काचेतून पायरी बघायची. हे मी त्यांना दुकानाच्या पायरीवर उभं करून दाखवलं होतं. बहुतेकांना काही दिवसांत सवय होते. नाहीच झाली तर चष्मा चढ-उतार करताना काढून हातात ठेवू नका म्हणावं, तो प्रकार जास्त धोक्याचा. सरळ माझ्याकडे पाठवा. नाकावरची बैठक थोडी हलवली, चष्मा जरा खाली घेतला तरी पुष्कळ फरक पडतो. तेही नाही जमलं तर लांबचा आणि जवळचा असे दोन वेगळे करू, पैशांचं तेव्हा बघू, अडून बसणार नाही.

फुकट चष्म्यांबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून शाळेतल्या गरजू मुलांना मोफत चष्मे मिळतात. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांना ससूनच्या सरकारी रुग्णालयात जा, असं मी स्वतः सांगतो, आणि मोतीबिंदूची शंका आली की चष्मा विकतच नाही, मोहम्मदवाडीच्या देसाई नेत्ररुग्णालयाचा रस्ता दाखवतो. शिबिरंही व्हावीत. पण शिबिराला गेलं की घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा, आणि चष्मा न्यायला पुन्हा बोलावलं तर दुसरा. खाड्याचे पैसे किती कापले जातात हे पर्वती-सहकारनगरात कुणाला वेगळं सांगायला नको. शिवाय महिन्याने स्क्रू ढिला झाला, काडी वाकली, पोरगं चष्म्यावर बसलं, की शिबीर कुठे शोधायचं? ते सगळे माझ्याकडे येतात, शिबिरातला चष्मा घेऊन येतात, आणि स्क्रू मी फुकट घालून देतो. कुठून घेतला हेही विचारत नाही.

आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन एक अभ्यास झाला, २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आला. चष्मा मिळालेल्यांची रोजची तोडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं खुडणाऱ्या हातांना एवढा फरक पडतो, तर तांदूळ निवडणाऱ्या, फोडणीत मोहरी की मेथी ते बघणाऱ्या हातांना नाही पडणार? मावशींचा स्वयंपाक तुमच्याच घरी होतो, फरक तुम्हालाच दिसेल.

राहिला धंदा. हो, धंदा आहे. मी संस्था नाही, देणगी घेत नाही, पावतीपुस्तक फिरवत नाही. कुणाला आज दोनशे आणि पगार झाल्यावर बाकीचे, असं चालतं, वही भरलेली आहे, काही पानं आता वसूल होणार नाहीत हेही ठाऊक आहे. एवढं करून चार पैसे सुटतात म्हणून उद्या दुकान उघडता येतं. ‘लुटतात’ हा शब्द तुम्ही घाईत लिहिला असाल असं मी धरून चालतो. पण तो वाचून वरच्या गल्लीतली एखादी म्हातारी चष्म्याशिवायच राहिली, तर नुकसान माझ्या एकट्याचं नाही.

तुमच्या सूचनेप्रमाणे दरपत्रक मोठ्या अक्षरात आत लावायचं चाललंय, बोर्डाचंही काहीतरी करतो, आणि फोन कुणाच्या नंबरवर करायचा ते यापुढे बिलावर लिहून घेऊ. स्टार बदलायचे की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. मावशींना चष्म्यासकट पाठवा, एकट्या आल्या तरी चालेल, बिल लागणार नाही. सकाळी दहा ते दुपारी एक, संध्याकाळी साडेचार ते नऊ. रविवारी फक्त सकाळी, गुरुवारी बंद.

आपला,
दुकानमालक