पायी चालणाऱ्याला हटवून रस्ता सुरक्षित होत नाही

कोल्हापूर-सांगली रस्त्यावरील पदपथ, सायकल मार्ग आणि बसथांबे दोन्ही शहरांनी एकत्र बसून आखावेत, या मागणीविरुद्धचा एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या थोरल्या बहिणीने तो ‘पुढे पाठवा’ असे लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. तिची मुलगी याच रस्त्याने सायकलवरून कॉलेजला जाते, त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

संदेशातील सर्वांत घातक वाक्य असे आहे: ‘अपघात पादचारी आणि सायकलवाल्यांमुळे होतात, त्यांना हटवा, रस्ता सरळ व रुंद करा, अपघात आपोआप थांबतील.’ हटवून त्यांना पाठवायचे कुठे, याबद्दल अवाक्षर नाही. शिरोली औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर घरी निघालेल्या कामगाराला किंवा पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला पायी जाणाऱ्या भाविकाला दुसरी वाट आहे कुठे? मधल्या एखाद्या गावच्या थांब्यावर एसटी मुख्य रस्त्यातच उभी राहते. उतरलेली बाई साइडपट्टीवर पाय टाकायला जाते, तर ती पावसाने खचून डांबराच्या कडेपासून वीतभर खाली गेलेली असते, आणि गळीत हंगामात नेमक्या तिथेच मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात. साहजिकच ती डांबरावरून चालते आणि संदेश लिहिणारा तिला बेशिस्त ठरवून मोकळा होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अपघात अहवाल या महाशयांनी उघडून तरी पाहायचा होता. त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेगाची नोंद आहे आणि सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झालेले आहेत. म्हणजे जो सरळ रस्ता यांना औषध वाटतो, तिथेच निम्म्याहून अधिक अपघात होतात. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला की धडकेतील ऊर्जा सव्वादोनपट होते. हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे.

‘ज्याने त्याने आपापल्या हद्दीत पाहावे’ हा दुसरा मुद्दा. पंचगंगेचा पूल ओलांडला की कोल्हापूर महापालिकेची हद्द संपते. शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर कोणत्याच महापालिकेत नाहीत. पुढे अंकलीजवळ कृष्णा ओलांडताच जिल्हा बदलतो, आणि रस्ता तर राष्ट्रीय महामार्ग १६६ चा भाग आहे. हद्दीपाशी संपणारा पदपथ चालणाऱ्याला थेट ट्रकच्या वाटेवर सोडतो. दोन महापालिका एकत्र येऊच शकत नाहीत म्हणावे, तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वेगवेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल ही दोन्ही शहरांची एकच बस कंपनी झाली. तिच्याविषयी तक्रारी भरपूर आहेत, पण शहराची वेस आली म्हणून प्रवाशाला बस बदलावी लागत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ‘सायकल मार्ग म्हणजे पार्किंगची सोय’ हा टोमणा अगदीच खोटा नाही; पुण्यात तसे मार्ग गाड्यांनी आणि टपऱ्यांनी अडवलेले कोणालाही दिसतील. पण त्यातून निघतो तो अर्थ इतकाच की नुसता रंगाचा पट्टा पुरत नाही, मार्ग उंच कडेने वेगळा करावा लागतो आणि तो मोकळा ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे आराखड्यातच लिहावे लागते.

पदपथ आणि सायकल मार्गांमुळे दुकानदारांचे नुकसान होईल आणि रुग्णवाहिकेचा खोळंबा होईल, या संदेशातील शेवटच्या दोन मुद्द्यांना फार वेळ देण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरते ते पायीच, आणि रुग्णवाहिका आज अडकते ती भर रस्त्यात थांबलेल्या बस, वडाप (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपगाड्या) आणि ट्रॉल्यांच्या मागे. थांब्यासाठी रस्त्याबाहेर वेगळी जागा हवी, ही मागणी तेवढ्यासाठीच आहे.