आवाज काढून दाखवा की, मालक!

पिकअपच्या इंजिनातून नवा आवाज येऊ लागला की सोलापुरात सल्ल्याची टंचाई भासत नाही. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरेपर्यंत चार निदानं होऊन गेलेली असतात. हमाल म्हणतो टॅपेट, चहावाला म्हणतो नोजल, आणि सायकलपलीकडे काही न चालवलेला दोस्त खात्रीने सांगतो, "काय बे, टर्बो गेला की तुझा!" टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो सगळ्यात महाग, म्हणून तोच गेला असणार, असा या शास्त्राचा पाया आहे.

आवाज स्वतःही लबाड. तुळजापूरचा घाट लोड घेऊन चढताना शिट्ट्या मारतो आणि गॅरेजच्या दारात सज्जन होतो. मिस्त्री बॉनेटवर कोपर टेकून म्हणतो, "आवाज काढून दाखवा की, मालक." मग पन्नाशीचा गृहस्थ भर रस्त्यात तोंडाने "हुईईई... फस्" करतो. मिस्त्री गंभीरपणे विचारतो, "हुई आधी का फस् आधी?"

हसू नका. एवढ्या सगळ्या सल्ल्यांत मला तोच एक प्रश्न शहाणा वाटतो. उभ्या गाडीला आयडलिंगवर बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, जवळजवळ नसतोच, त्यामुळे ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजची चीर लोडवरच बोलते. सोबत काळा धूर येतो आणि चढावर ताकद कमी पडते. होजची खालची बाजू आधी चाचपावी. जोडापाशी तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर टर्बोचा भाव विचारण्याआधी होजवरची जुबली क्लिप आवळावी. तरी भागलं नाही तर होज काढून वाकवून बघावा, कारण बंद चीर डोळ्यांना दिसत नाही.

थंड इंजिनावर टिकटिक आणि गरम झाल्यावर शांत, म्हणजे संशय धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर. लोखंड तापून फुगतं, फट बुजते. जोडाजवळ काजळीची रेघ सापडते. मात्र सोलापूरच्या मे महिन्यात गार इंजिन ऐकायचं तर पहाटे पाचला जावं लागतं, आणि पहाटे पाचला मिस्त्री नसतो.

'फक-फक' असा आवाज आणि डिझेल फवारणाऱ्या नोजलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. नवा वॉशर बसवताना जुनी बैठक साफ केली नाही, तर तोही जाणार.

बेल्टची चिवचिव ओळखायला थोडं पाणी पुरतं. चालू इंजिनात, हात लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूला शिंपडावं. आवाज क्षणभर थांबला तर पुली वाकडी, वाढला तर बेल्ट ढिला. घरघर चालूच राहिली तर बेअरिंग ऐकावं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या अंगाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की धातूचा आवाज पकडता येतो. हवेची गळती मात्र त्याने कळत नाही, त्याला हातभर रबरी नळी कानाशी धरावी. दोन्ही वेळा शर्टाच्या बाह्या दुमडाव्यात आणि गळ्यातला गमछा काढून ठेवावा, पंख्याला ओळखपाळख नसते.

टकटक कुठल्या सिलिंडरची, हे शोधायला जुने मिस्त्री नोजलच्या पाइपचा नट ढिला करायचे. कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या इंजिनावर, तो प्रयोग अजिबात नको. तिथला दाब १६०० बारच्या घरात, गाडीगणिक त्याहूनही जास्त. डिझेलची ती बारीक धार कातडीत घुसते आणि पुढचं निदान सिव्हिल हॉस्पिटलात होतं. स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करावा. एखादा बंद करताच टकटक कमी झाली तरी लगेच नोजल दोषी धरू नये, बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, बेअरिंगही तसंच वागतं. ऑइलचा दाब गेज लावून बघावा. तो कमी भरला तर गाडी तिथूनच टोइंग करून न्यावी.

आता दोस्ताचा लाडका टर्बो. लोडवर सायरनसारखा चढत जाणारा सूर ऐकू येत असेल, तर थंड इंजिनावर हवेचा इनटेक पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवावा. आडवा किंचित हलला तर घाबरू नये, बेअरिंग ऑइलवर तरंगणारं असतं. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला किंवा पाती भिंतीला घासली, तर मात्र गेला. तरीही नव्याची ऑर्डर देण्याआधी टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप काढून बघावा. कार्बनने तो बुजलेला असेल, तर नवाही त्याच वाटेने जाईल. नव्या टर्बोत स्टार्टर मारण्याआधी ऑइल भरावं, आणि पाइपाचे पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला त्या दिवशी गॅरेजमध्ये येऊ देऊ नये.