उतार जमिनीला टेकतच नाही!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, लाइट दोनदा गेली आणि स्क्रीनवर रस्त्याच्या भरावाचा उतार अजून हवेतच लोंबकळतोय. डोकं फिरलंय नुसतं.

वर्धा जिल्ह्यातला एक नाला, त्यावर लहानसा पूल, दोन्हीकडून ॲप्रोचचा, म्हणजे पुलावर चढणाऱ्या रस्त्याचा, मातीचा भराव. उंची ३ मीटर, बाजूचा उतार १:२, म्हणजे १ मीटर खाली जायला २ मीटर बाहेर. सॉफ्टवेअरला एवढंच सांगायचं, रस्त्याच्या कडेपासून उतार खाली सोड, जमीन लागली की थांब. पण त्याला जमीन कळायला तर हवी! सर्व्हेवाल्यांनी दर २० मीटरला आडवे छेद घेतले, म्हणजे रस्त्याला आडव्या रेषेत जमिनीची उंची मोजली, आणि नाल्याच्या काठाचा एकही पॉइंट उचलला नाही. काठ नाही, तळ नाही. सॉफ्टवेअर जवळचे तीन-तीन पॉइंट जोडून त्रिकोण करतं. त्यानं अलीकडच्या वावरातला पॉइंट थेट पलीकडच्या वावराला जोडला. नाला गायब! स्क्रीनवर सपाट जमीन, प्रत्यक्षात दीड पुरुष खोल. आणि सर्व्हे जिथं संपला तिथं उताराला टेकायला काहीच नाही.

वर साहेब विचारतात, "सॉफ्टवेअर आपोआप करते ना सगळं?" आपोआप! त्रिकोणांनी काठावरून उडी मारू नये म्हणून ब्रेकलाइन, म्हणजे काठाचे पॉइंट जोडणारी रेषा, टाकावी लागते. तिचे पॉइंट काय मी खुर्चीत बसून मनानं ठोकू?

सपाट जमिनीवर या भरावाचा पायथा कडेपासून ६ मीटरवर येतो. तीच जमीन पुढं १० मीटरला १ मीटर उतरत असेल तर साडेसात मीटरवर. हा दीड मीटर कुणाचा? तिथं धुरा आहे, म्हणजे वावराचा बांध, धुऱ्यापलीकडं तूर उभी आहे. मागच्या कामात पोकलेन वावरात घुसलं तेव्हा एक काका शेंगांनी लदलेलं झाड मुळासकट हातात घेऊन आले. "बाबू, कागदावर तं लाइन धुऱ्याच्या अलीकडंच होती. मंग माही तूर काहून दाबली?" काय सांगणार होतो मी? घनमीटर चुकले तर बिलात दुरुस्ती होते, तुरीची कुठं होते?

आता म्हणे उतार १:१.५ कर, हद्दीत बसून जाईल. काळ्या मातीत! जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून घसरते, तिचा उतार आणखी उभा करायचा? नाही करणार. काठाचे पॉइंट आल्याशिवाय ही फाइल जाणार नाही. सर्व्हेवाल्यांना जमत नसेल तर सकाळी गाडी द्या, मी स्वतः मोजणीचा प्रिझम घेऊन नाल्यात उतरतो.