गिरण्यांत दिवे लागले आणि दिवस लांबला

रविवारची सुटी साहेबानं चर्चला जाण्यासाठी दिली, असं अजूनही लोक ठासून सांगतात. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती कुणी दिलेली नाही. 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या. निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या. मागण्या वाचल्या की गलबलून येतं, इतक्या साध्या आहेत. आठवड्यातून एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सूर्यास्तापर्यंत! एवढं मागूनही रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडला.

(इंग्रजांनी केलेल्या कारखाना कायद्यांमागे मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको असलेल्या मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता, हे खरं. पण नुसत्या त्या स्वार्थातून रविवार मिळायचा असता, तर 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्यातच मिळाला असता.)

मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. तोवर अंधार पडला की काम थांबायचं. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. 1891 च्या कायद्यानं बायकांच्या कामाला 11 तासांची मर्यादा घातली होती, पुरुषांना काहीच नव्हतं. कापड गिरण्यांत त्यांच्यासाठी पहिली मर्यादा आली ती 1911 मध्ये, तीही 12 तासांची! पुढे 1922 मध्ये आठवडा 60 तासांचा झाला, 1934 मध्ये 54 चा, 1946 मध्ये 48 चा. ते 48 तासांचं विधेयक मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं.

आणि 2025 मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस 9 तासांवरून पुन्हा 12 वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, कामगाराची लेखी संमती घेणार आहोत, असं सांगतात. कंत्राटी कामगाराची कसली संमती? उद्या हजेरीपटावर आपलं नाव असेल की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्यानंच कागद पुढे केला तर तो सही करणारच. लोखंड्यांनी एकेकट्याला मालकापुढे उभं केलं नाही, सगळ्यांसाठी एकच नियम मागितला, तो याचसाठी.

संमती हवीच असेल तर गुप्त मतदानानं घ्या. आणि नकार दिलेल्या माणसाला पुढच्या वर्षभरात कामावरून काढलं, तर त्याचं कारण सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका.