हिरवा ठिपका

सांगलीच्या मार्केट यार्डात मामेसासऱ्यांची हळदीची अडत आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर उबुंटू ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम टाकून देण्याचं पुण्य मी दिवाळीत केलं आणि तेव्हापासून माझ्या रविवारांना हळदीचा वास येतो.

काम एवढंच होतं: सकाळी मशीन सुरू झालं की हिशेबाची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरायला हवी. त्यासाठी दहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या आज्ञा. हातानं चालवली की खोंडासारखी पळायची. मशीन सुरू होताना मात्र जागची हलायची नाही.

उबुंटूनं २०१५ मध्ये मशीन सुरू होतानाचा सारा कारभार सिस्टमडी नावाच्या प्रोग्रामच्या हाती दिला. सुरू होताना चालवायच्या आज्ञा जिच्यात लिहायच्या, ती 'आरसी डॉट लोकल' ही जुनी फाईल तेवढी घरातल्या जुन्या गड्यासारखी सांभाळली. पण तिला चालवण्याची परवानगी दिलेली नसेल, तर नवा कारभारी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि उघड कुरकुरही करत नाही. स्क्रिप्ट चालवायची ओळ मी याच फाईलमध्ये लिहिली होती आणि फाईलला ती परवानगी नव्हतीच. 'सीएचमॉड' ही परवानगीची आज्ञा मारून ती दिली. रीस्टार्ट. स्टेटस विचारलं, तर हिरवागार ठिपका! पुढे 'अ‍ॅक्टिव्ह', आणि त्याच्यापुढे कंसात 'एक्झिटेड'. म्हणजे हजर आहेत आणि निघूनही गेलेत. मस्टरवर सही करून चहाला जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ही नोंद एवढ्या प्रामाणिकपणे कुणी ठेवलेली पाहिली नव्हती.

दुसरी डिस्क मात्र कोरडीच.

"जावईबापू, हुतंय का?" मामांनी भडंगाची ताटली पुढं सरकवली. हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येत होता. त्यांच्या कीबोर्डवरचं एंटर पिवळंधमक झालंय, बाकी बटणं नुसती पिवळसर. अडतीत कशाला घाई असते ते तेवढ्यावरून कळतं.

शेवटी फाईल उघडून मोठ्यानं वाचायला लागलो. "एक्झिट झीरो... आणि मग आपली ओळ..."

"एक्झिट म्हंजे?"

"म्हणजे काम नीट झालं, आता बाहेर पडा."

"आन् तुमची ओळ त्याच्या खाली?"

मी भडंगातले शेंगदाणे वेचायला लागलो.

"आवो, शिल्लक काढून रेघ मारल्यावर तिच्याखाली कोण नोंद करतंय व्हय?"

ओळ वर घेतली. रीस्टार्ट. दुसऱ्या डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. मी मान वर करेपर्यंत मामांनी भाचीला, म्हणजे आमच्याच घरी, फोन लावलेला होता.

"काय न्हाई गं, तुझ्या नवऱ्यानं रेघेखाली नोंद केली हुती. मी वर घ्यायला लावली."