ओटी भरून घ्या!

चाकणच्या कंपनीत असाल तर ओटी खणा-नारळाने नव्हे, ओव्हरटाइमने भरतात हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि तिमाहीतल्या ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची, मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर न्यायला मंजुरी दिली. तेव्हा पदर पसरा. फक्त कोणाची ओटी किती भरते, तेवढं आधी बघून ठेवा.

पहिलं म्हणजे परमनंट व्हा. डबल ओटी कायद्याने सगळ्यांनाच आहे, पण हातात पडते ती परमनंटला. ठेकेदाराकडे असाल तर त्याच्या वहीत दुपटीचा पाढा एकावरच थांबतो. सिंगल ओटी, तीही पुढच्या महिन्यात. संमती लेखी लागते म्हणे. काळजी नको, फॉर्म भरलेलाच येतो, सही तेवढी ठोका.

दुसरं, शक्यतो बाई असू नका. असालच, तर सुपरवायझर पाच वाजता लाइनवर येऊन "कोण थांबणार?" विचारेल तेव्हा पाळणाघर सहाला बंद होतं हे त्याला सांगत बसू नका. गुपचूप हातमोजे काढा. शेजारच्या मशिनवरचा थांबेल. दर तोच, काम तेच. महिनाअखेर पगारात फरक आणि वर्षअखेर 'कमिटमेंट'मध्येही. तो थांबू शकतो, कारण त्याच्या घरी कोणीतरी पोळ्या लाटत असतं. त्या तासांचं पंचिंग होत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांची कमाई मागे का पडते हे उलगडून दाखवल्याबद्दल. लांबलचक तासांना जादा भाव देणाऱ्या नोकऱ्या हे त्यातलं एक मोठं कारण. (आमच्या लाइनवरच्या बायका हे फुकटात सांगतात.)

तिसरं, तास विकायचेच तर वरच्या मजल्यावर विका. 'घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार?' असं विचारत आठवड्याला ९० तासांचा मंत्र देणाऱ्या लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं २०२३-२४ चं मानधन ५१ कोटी, म्हणजे कंपनीतल्या मधल्या पगाराच्या पाचशेपटींहून जास्त. या भावात मीसुद्धा रविवारी बायकोकडे बघत बसणार नाही.

आणि हो, बारा तासांमुळे तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, तर बंद होणाऱ्या तिसरीतले तुम्ही निघू नका. निघालातच, तर डबा घेऊन सकाळी सातला गेटवर उभे राहा. कोणाचा खाडा असला तर ठेकेदाराचा माणूस हाक मारेल. रात्रीचे बारा तास संपवून बाहेर पडणारा तुमचा जुना जोडीदार डोळे चोळत विचारेल, "काय रे, आज ओटी का?"