स्टंप तीन काऊन असतात भाऊ?

आमच्या घरच्या ग्रुपवर काल एक फॉरवर्ड आलं अन् संध्याकाळपर्यंत भाच्याचं कोचिंग बंद करायच्या गोष्टी होऊन राहिल्या होत्या, कारण त्याची प्रॅक्टिस एका चर्चच्या आवारातल्या मैदानावर असते. मेसेजचा सार असा: क्रिकेट मुळात चर्चचा खेळ, तीन स्टंप म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा, अकरा खेळाडू म्हणजे येशूचे बारा शिष्य वजा गद्दार यहूदा, इंग्लंडच्या उपनगरांतले सगळे क्लब चर्चने काढले, मिशनऱ्यांनी तो खेळ धर्मांतरासाठी भारतात आणला, म्हणून पोरांना जपा. ताईने तर खाली हात जोडलेले इमोजी टाकले होते!

आता हे स्टंपचंच घ्या. सुरुवातीला स्टंप दोनच होते बाप्पा, वर एक बेल, म्हणजे आडवी लाकडी दांडी, ती पडली तरच आउट. 1775 साली लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर लम्पी स्टीव्हन्स नावाच्या बॉलरचा बॉल जॉन स्मॉलच्या दोन स्टंपांमधून तीनदा आरपार गेला, बेल काही पडली नाही अन् बॅट्समन नॉटआउट. बॉलरवर अन्याय होऊन राहिला म्हणून मधला स्टंप आला. म्हणजे त्याआधी इतकी वर्षं पवित्र आत्मा काय पॅव्हेलियनमध्ये पॅड बांधून बसला होता? अन् अकराचं म्हणाल तर 1846 पासून विल्यम क्लार्कची ऑल इंग्लंड इलेव्हन गावोगाव फिरायची तेव्हा समोर बरेचदा बावीस जणांची टीम उतरायची. ते बावीस कोणाचे शिष्य?

चर्चचा खेळ म्हणणाऱ्यांनी 1611 सालची ससेक्समधल्या सिडलशम गावची केस बघावी. ईस्टरच्या रविवारी प्रार्थनेला न जाता क्रिकेट खेळले म्हणून दोघा जणांवर चर्चनेच खटला भरला, प्रत्येकी 12 पेन्स दंड केला, वर प्रायश्चित्तही करायला लावलं. 1622 मध्ये बॉक्सग्रोव्हला तेच, तिथे तर पोरं चर्चच्याच आवारात खेळत होती. स्वतःचा खेळ असता तर पोरांना कोर्टात कशाला ओढलं असतं? माझ्यासाठी तरी विषय इथेच संपतो.

बरं, क्लबवाली गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं मान्य. पण ती अडीचशे वर्षांनंतरची. 1850 च्या फॅक्टरी कायद्यानं बायका अन् पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबायला लागलं, पुढे अर्धा शनिवार बाकीच्यांनाही मिळत गेला, अन् रिकामी पोरं दारूच्या गुत्त्यावर जाऊ नयेत म्हणून पाद्री लोकांनी त्यांना खेळात गुंतवलं. अ‍ॅस्टन व्हिला हा आजचा फुटबॉल क्लब 1874 मध्ये चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी काढला, फुलहॅम 1879 मध्ये चर्चची टीम म्हणून सुरू झाला, क्रिकेट अन् फुटबॉल दोन्ही खेळायचे. पण एव्हर्टन क्लब बघा. 1878 मध्ये सेंट डॉमिंगो चॅपलच्या पोरांना उन्हाळ्यात क्रिकेट होतं, हिवाळ्यात काही नव्हतं म्हणून फुटबॉल सुरू केला, अन् वर्षभरात चॅपलबाहेरचे इतके लोक खेळायला यायला लागले की 1879 मध्ये चॅपलचं नावच काढून टाकावं लागलं. धर्मांतराचा अड्डा असा चालतो का?

मिशनऱ्यांनी भारतात आणला हेही तसंच. मिशन शाळांनी खेळ पसरवायला हातभार लावला, नाही कोण म्हणतं, पण 1721 मध्ये खंभातच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी खेळत होते, कलकत्त्याचा क्लब 1792 चा, अन् मुंबईत पारश्यांनी ओरिएंटल क्लब 1848 मध्ये स्वतःच काढला. पारशी पावणेदोनशे वर्षं खेळून राहिले, आजही अग्यारीतच जातात.

अन् ज्यांना ख्रिश्चन अन् क्रिकेट हे शब्द शेजारी दिसले की घाम फुटतो त्यांनी सांगलीच्या विजय हजारेंचं काय करायचं ते ठरवावं. मराठी ख्रिश्चन माणूस, 1943 च्या पेंटँग्युलरमध्ये, म्हणजे धर्मानुसार टीम पाडून खेळायच्या मुंबईच्या स्पर्धेत, 'द रेस्ट' म्हणजे बाकीच्या धर्मांच्या टीमकडून हिंदूंच्या टीमविरुद्ध 387 पैकी 309 रन एकट्याने काढले, अन् 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन तेच. ताईला हे सगळं रात्रीच पाठवलं. भाच्याची बॅच सकाळी साडेसहाची आहे, तो जाणार.